दुपारचं नमन

माझी मुलगी प्रार्थनेला नमन करते, ही बातमी गावभर झाली तेव्हा मंजुळा जेमतेम सहा महिन्यांची होती.

आमचं गाव तेल्हाऱ्याहून आत, खारपाणपट्ट्यातलं. संध्याकाळी मंदिरापुढं सामुदायिक प्रार्थना होते आणि तिचा भोंगा लिंबाच्या झाडावर, नेमका आमच्या घराकडं तोंड करून बांधलेला आहे. माझे सासरे किसनराव, म्हणजे आमचे मामाजी, तिथं खंजिरी वाजवतात. मोझरीला राष्ट्रसंतांच्या समाधीला जाऊन आल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं होत नाही. नातीचं मंजुळा हे नाव त्यांनीच ठेवलं, राष्ट्रसंतांच्या आईचं.

मंजुळा दिवस कलताना झोपायची. भोंगा सुरू झाला की जागी व्हायची. सासूबाई तिला मांडीवर घ्यायच्या, आणि मग ते व्हायचं. एकाएकी दोन्ही हात बाजूला उघडायचे, मान खाली जायची, कंबरेतून ती पुढं वाकायची. क्षणात सरळ. जरा वेळानं पुन्हा.

"पाय वं सीमा, पाय!" सासूबाई पहिल्यांदा ओरडल्या. "पोट्टी नमन करून राह्यली! बाप्पा, येवढंसं लेकरू!"

त्या दिवशी घरातले सगळेच हसले. मामाजींनी मोबाइल काढला, मागं भोंग्यातली प्रार्थना आणि पुढं वाकणारी मंजुळा असा व्हिडिओ घेतला आणि त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला देव जाणे. अकोल्याहून नणंदेचा फोन आला, अमरावतीहून माझ्या आईचा आला. धारणीकडच्या कुणा गुरुजींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. गावातल्या बाया संध्याकाळी नारळ घेऊन अंगणात बसू लागल्या. केशरबाई तर मंजुळाच्या पायाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावायच्या.

मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या साली बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली होती. माणसं शेतात जायची आणि तोंड पाडून परत यायची. गावाला एकमेकांना सांगण्यासारखी एकच चांगली गोष्ट होती, आणि ती माझ्या मांडीवर होती.

पण मी बघत राहणारी बाई आहे. मंजुळा झोपली तर श्वास चालू आहे का बघते, जागी असली तर कशाकडं बघते ते बघते. माझा नवरा शिवम तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. तो तिथल्या लोकांना सांगायचा, "आमच्या घरी सीसीटीव्ही लावाची गरज नाई. सीमा हाय." आणि हसायचा. मला राग यायचा नाही. बीएस्सी करताना प्रयोगशाळेतल्या मॅडमनी एकच गोष्ट डोक्यात घातली होती, आधी नीट बघा, अर्थ मागून काढा.

तर मी बघितलं ते असं. मंजुळा सकाळी उठली तरी वाकत होती. दुपारची झोप झाली तरी वाकत होती. दुपारी ना भोंगा, ना खंजिरी, ना मंदिरात कुणी माणूस. मी सासूबाईंना सांगितलं.

"दुपारी बी करते?" त्यांचे डोळे भरून आले. "मंग तर गंजच पुण्यवान लेकरू हाय, माय."

दुसरी गोष्ट मी शिवमशिवाय कुणालाच सांगितली नाही. मामाजी बाहेरून आले की दारातच खंजिरी हलवायचे. तिच्या झांजा वाजल्या की मंजुळा मान वळवायची आणि बिनदाताचं तोंड उघडून खिदळायची. ते थांबलं होतं. आता खंजिरी वाजली तरी ती छताकडं बघत पडून राहायची. मी तिच्या तोंडासमोर तोंड नेलं तर माझ्यातून आरपार बघायची, जशी मी खिडकीची काच आहे.

"जादा दृष्ट लागली असन," शिवम म्हणाला. "येवढे लोक पाहून राह्यले."

"मंग लोकाईले बंद करा ना."

"बाबाले कोन सांगन?"

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात तेव्हा नवीनच सोय झाली होती. तिथं बसून शहरातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता यायचं. तहरीम नावाची अकोटची मुलगी केंद्र सांभाळायची. बीएस्सी नर्सिंग झालेली, बोलायला फटकळ, कामाला चोख. गावातली म्हातारी माणसं आधी त्या पडद्याला घाबरायची. आता वामनराव रोज नवा आजार शोधून पडद्यासमोर बसायला यायचे, आणि तहरीम त्यांना म्हणायची, "काका, हा सिनेमा नाई."

मी मंजुळाला तिच्या झोपेच्या वेळी खांद्यावर टाकून नेलं. मुद्दामच. तिथं जागी झाली तर डॉक्टरांना दिसेल, असा माझा हिशेब. सासूबाई हट्टानं सोबत आल्या.

माझा हिशेब बरोबर निघाला. नंबर लागला, पडद्यावर एक तरुण डॉक्टर आले, आणि मंजुळानं डोळे उघडले. हात उघडले, मान पडली, ती वाकली.

"सर, बघा! हे बघा!"

"हो, दिसतंय मला बाळ," डॉक्टर म्हणाले. "छान आहे की. वजन चांगलं आहे. पोटात गॅस धरत असेल, म्हणून अंग दुमडतं."

"गॅस नाई जी सायेब," सासूबाई पुढं सरकल्या. "नमन करते ते. गावोगाव व्हिडिओ गेला तिचा."

"अरे वा!" डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मागं आणखी किती पेशंट खोळंबले होते कुणास ठाऊक.

"सर, तुम्हाला झटका दिसला का?"

"झटका? मला बाळ वाकलेलं दिसलं, मग सरळ बसलेलं दिसलं. ताई, पहिलंच बाळ आहे ना? काळजी वाटतेच. थेंब लिहून देतो."

मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. आमचं इकडून जाणारं चित्र तिथं छोट्या चौकोनात दिसत होतं. त्या चौकोनात मंजुळा वाकलेली होती आणि तशीच अडकून पडली होती. मध्ये गोल चक्र फिरत होतं. माझ्या मांडीवर तोवर ती कितीदा तरी वाकून सरळ झाली होती. डॉक्टरांना दिसत होते ते तुटक फोटो. मधला झटका गाव आणि शहर यांच्यामध्ये कुठंतरी गळून पडत होता.

पडदा बंद झाल्यावर मी तहरीमला हे सांगितलं. ती खुर्चीतून उठून माझ्याजवळ आली आणि मंजुळाकडं बघत उभी राहिली. मंजुळा पुन्हा वाकली. तहरीमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ताई, आमचं नेटवर्क येवढंच हाय," ती म्हणाली. "यात पुरळ दाखवता येते, बीपी सांगता येते, म्हाताऱ्याचा खोकला ऐकवता येते. पन पापणी लवते तवर होऊन जाते, ते कसं दिसन?"

"मंग घरी काढलेला व्हिडिओ पाठवला तर? तो तर तुटणार नाही ना?"

"यात फोटो चढते, रिपोर्ट चढते. व्हिडिओ चढत नाई." ती जरा थांबली. "पन अमरावतीले आमचं ट्रेनिंग झालं होतं. डॉक्टर भुयार म्हणून हायेत, लेकरांच्या मेंदूचे. त्याईनं आपला नंबर देला होता. म्हणे, लेकरू काही वेगळं करून राह्यलं आन समजत नसन, तर मले व्हिडिओ पाठवा. कसा काढाचा तेही सांगतलं होतं. उजेड पायजे, अंगावर दुपटं नको, हातपाय डोकं सगळं दिसलं पायजे, आन मोबाइल हलला नाई पायजे."

"मी काढते. तुम्ही पाठवा."

"थांबा. लेकरू तुमचं हाय. तुमी हो म्हणत असान तरच पाठवीन, आन फक्त त्याईलेच पाठवीन. चालते?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. अर्ध्या वऱ्हाडानं माझ्या मुलीला बघितलं होतं, आणि मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

"हो," मी म्हटलं. "पाठवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी मंजुळाला खिडकीखालच्या सतरंजीवर निजवलं, अंगावर फक्त लंगोट ठेवला, मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बसून राहिले. पंखा घरघरत होता. अंगणात कोंबडी कुरकुरत होती. मंजुळा जागी झाली. मी हात लावला नाही. आईचे हात मांडीखाली दाबून ठेवणं किती अवघड असतं ते मला त्या दुपारी कळलं. हात उघडले, मान पुढं आली, पाय पोटाशी गेले. सुटलं. पुन्हा. पुन्हा.

केंद्रात बसून तो व्हिडिओ जाईना. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीकडं गेलो, कारण गावात रेंज तिथंच धड येते. तहरीमनं मोबाइल उंच धरला. पाठवण्याची रेघ मुंगीसारखी सरकत होती. मी मंजुळाला पदराखाली घेऊन तिच्याकडं एकदा, रेघेकडं एकदा बघत होते.

गेला. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. निघायला उठतो तोच तहरीमचा फोन वाजला.

"व्हिडिओ आईनंच काढलाय का?" डॉक्टर भुयारांचा आवाज भारी होता. "द्या त्यांना." मी फोन कानाला लावला. "बाई, असाच पाहिजे होता व्हिडिओ. आता मला सांगा, हे झोपेतून उठल्यावर जास्त होतं का?"

"हो सर. प्रत्येक वेळी."

"बाळ आधी हसायचं?"

"हो."

"हसणं बंद कधी झालं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र माझ्याकडं तयार होतं. मी सांगितलं. खंजिरीचं सांगितलं, काचेसारखं आरपार बघण्याचं सांगितलं. रडू येत होतं, पण बोलले.

"हे नमन नाही, गॅस पण नाही," डॉक्टर म्हणाले. "हे झटके आहेत, मेंदूतले. लहान बाळांना या वयात येतात. तपासणी करून खात्री करू, पण मला शंका फार कमी आहे. औषध आहे यावर. लवकर सुरू केलं तर चांगला गुण येतो, उशीर केला तर बाळ मागं मागं जातं. उद्या सकाळी अमरावतीला घेऊन या. पुढच्या आठवड्यात नको."

घरी आले तर मामाजी खंजिरी पुसत बसले होते. दुसऱ्या दिवशी मोझरीहून परतणारी काही भाविक मंडळी मंजुळाला बघायला थांबणार होती. भजनी मंडळातले खुशालराव आणि महादेवराव अंगण झाडून घेत होते.

मी सगळं सांगितलं. मामाजींनी मान हलवली.

"उद्या लोक येऊन राह्यले, सूनबाई. परवा जाऊ."

"मामाजी, उद्याच जावं लागते."

"एका डॉक्टरानं गॅस म्हटलं, दुसरा झटके म्हणते. तिसरा काय म्हणन? येवढे लोक पायतात, त्याईले काही दिसत नाई आन एकट्या तुलेच दिसते?"

"बाबा, तिचं ऐकून तं घ्या," शिवम जिनिंगवरून येऊन दारातच उभा होता. तो पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलला.

मी वाद घातला नाही. दुपारचा व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि मोबाइल मामाजींच्या हातात दिला.

त्यांनी बघितला. पंख्याची घरघर. कोंबडी. मंजुळा वाकली, आणि सरळ होताना तिच्या तोंडून बारीक आवाज आला. कण्हल्यासारखा. पुन्हा वाकली, पुन्हा तो आवाज. प्रत्येक वेळी आवाज वाढत गेला आणि शेवटी ती थकून, हुंदके देऊन रडली.

मामाजींनी व्हिडिओ मागं घेऊन पुन्हा ऐकला. मग त्यांचा स्वतःचा जुना व्हिडिओ लावला, गावोगाव गेलेला. त्यात भोंगा होता, खंजिरी होती, पंचवीस-तीस माणसांचा सूर होता. मंजुळाचं तोंड उघडत होतं, पण तिचा आवाज कुठंच नव्हता.

त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. मग सासूबाईंकडं वळले.

"दुर्गा, देवापुढं वाकणारं लेकरू रडते कावून?"

सासूबाईंनी मंजुळाला छातीशी धरलं.

मामाजी उठले, पायात चपला न घालताच मंदिराकडं गेले. थोड्या वेळानं भोंग्यातून त्यांचा आवाज आला, "उद्या आमच्या घरी कोनी येऊ नका. नातीले दवाखान्यात नेऊन राह्यलो. आज प्रार्थना भोंग्याशिवाय होईन." आणि खट्ट करून भोंगा बंद झाला. परत येताना ते गावातल्या अब्दुल गफ्फार चाचांची गाडी सांगूनच आले.

सकाळी अकोट, दर्यापूर करत आम्ही अमरावतीला पोचलो. गफ्फार चाचा प्रत्येक खड्ड्याला "या अल्लाह, लेकरू हाय रे आत" म्हणून रस्त्यालाच रागवत होते. दवाखान्यात मंजुळाच्या डोक्याला तारा चिकटवल्या, तिला झोपवलं आणि डोक्याची पट्टी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढली. डॉक्टर भुयारांनी ती संगणकावर आम्हाला दाखवली. रेघा अशा उधळलेल्या होत्या, जसं कुणी रागानं कागदावर पेन ओढलं असावं.

"ही शांत झाली पाहिजे," ते म्हणाले. "औषध कडक आहे. बाळ चिडेल, सुजेल, भूक भूक करेल. बीपी आणि वजन बघत राहावं लागेल."

"दर वेळी इथं यावं लागेल का?" शिवमनं विचारलं.

"कशाला? तुमच्या गावात पडदा आहे ना? तहरीमताई आकडे सांगतील, मी इथूनच बघेन. झटक्यांचे व्हिडिओ या बाई काढतील. त्यांच्यासारखा कॅमेरामन माझ्याकडं इथं नाही."

गाडीत शिवम हळूच म्हणाला, "सीसीटीव्ही," आणि माझा हात हातात घेतला. या वेळी तो हसत नव्हता.

पुढचे दिवस कडक होते. मंजुळाचे गाल फुगले, ती सारखी रडायची, दूध संपलं की पुन्हा मागायची. सासूबाई तिला घेऊन घरभर फिरायच्या. मी आणि तहरीम केंद्रात तिचा बीपी बघायचो, आणि ज्या पडद्यात झटका हरवला होता त्याच पडद्यात डॉक्टर भुयार दिसायचे. आकड्यांना नेटवर्क पुरेसं होतं. एकदा वामनरावांनी आमच्यासाठी आपला नंबर सोडला आणि बाहेरच्या रांगेला दम भरला, "लेकराले आधी जाऊ द्या. तुमचे गुडघे कुठं पळून नाई चालले."

मी दुपारचे व्हिडिओ काढतच होते. वाकणं आधी उथळ झालं. मग विरळ झालं. एका दुपारी मंजुळा उठली, मी श्वास धरून बसले, मोबाइल चालू. ती वाकली नाही. तिनं जांभई दिली. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मला विश्वास ठेवायची भीती वाटत होती म्हणून मी कुणाला बोलले नाही. पण सासूबाई पाठीशी उभ्याच होत्या. "मी बी पायत होती," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

पुन्हा अमरावतीला जाऊन पट्टी काढली. रेघा निजलेल्या होत्या. डॉक्टर भुयारांनी संगणक आमच्याकडं वळवला आणि हसले.

घरी आलो तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. मामाजी मंदिरातून दारात आले, खंजिरी हातातच होती. वाजवावी की नाही, असे घुटमळले. मग अगदी हळू, बोटाच्या टोकानं एक टिचकी मारली. झांजा किणकिणल्या.

मंजुळानं मान वळवली. खंजिरीकडं बघितलं, मामाजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्यातून आरपार नव्हे, माझ्याकडं. आणि फुगलेले गाल आणखी फुगवून ती खिदळली.

मामाजींनी खिशातला मोबाइल काढला, आणि थांबले.

"सूनबाई, काढू का?"

"काढा मामाजी. भोंगा नाही ना चालू?"

"नाई, बाप्पा."

तो व्हिडिओ त्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच्या आवाजात निरोप दिला. "मी किसनराव बोलून राह्यलो. माझी नात नमन करत नव्हती. तिले झटके येत होते आन आमी नारळ फोडत होतो. चूक माझी. मागचा व्हिडिओ जिथं जिथं पाठवला असन, तिथं हा बी पाठवा. कोनाचं लेकरू असं वाकत असन तर नमस्कार करू नका, दवाखान्यात न्या."

नमनाइतक्या वेगानं तो पसरला नाही, खरं सांगते. पण पसरला. मला अनोळखी फोन येऊ लागले. कुणाचं बाळ उचक्या देत होतं, कुणाचं दचकत होतं. मी सगळ्यांना जवळच्या केंद्रात पाठवत होते. मी डॉक्टर नाही, मी फक्त बघते आणि बघायचं कसं ते सांगते. उजेड, दुपटं नको, मोबाइल हलवू नका.

मग एका संध्याकाळी धारणीच्या पलीकडून एका बाईचा फोन आला. तिथले रस्ते कसे, गाड्या किती, मला ठाऊक होतं. तिचा आवाज तुटत येत होता. बाळ सकाळी उठलं की पोटाशी दुमडतं, म्हणाली. तिनं व्हिडिओ काढला होता, मी सांगते तसाच, आणि तिथल्या सिस्टरनं तिची परवानगी घेऊन डॉक्टर भुयारांना पाठवलाही होता. उद्या सकाळच्या बसनं अमरावतीला निघायचं होतं.

"मंग मले कावून फोन केला, ताई?" मी विचारलं.

"भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत बाहेर ओसरीवर खंजिरी वाजली आणि पाठोपाठ किंकाळीसारखं हसू आलं. मामाजी "अवं, सोड, फोडशीन!" म्हणून ओरडत होते. फोनमध्ये क्षणभर काहीच नव्हतं. मला वाटलं, रेंज गेली.

मग ती हळूच म्हणाली, "कोन हसून राह्यलं ते?"

"माझी पोरगी," मी म्हटलं. "ऐका." आणि मोबाइल घेऊन ओसरीवर गेले.